नकुलपित्याचे आजारपण : एका सुत्ताच्या प्रचलित अर्थाची चिकित्सा

संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तातील पहिले सुत्त ‘नकुलपितासुत्त’ या नावाने ओळखले जाते. वर्षावासातील प्रवचनांत, किंवा आजारी उपासकाच्या घरी परित्राणपाठ झाल्यावर होणाऱ्या धम्मदेसनेत या सुत्ताचा आधार वारंवार घेतला जातो. त्यावरून सांगितले जाते ते साधारणपणे असे : शरीर रोगी झाले तरी मन रोगी होऊ देऊ नये, म्हणून वृद्ध माता-पित्यांनी आजार विसरावा, हसतमुख राहावे, सकारात्मक विचार करावा. श्रोते साधुकार देतात आणि कार्यक्रम संपतो. हा अर्थ सुत्तात आहे काय, आणि नसेल तर त्याच्या पसरण्याने कोणाचे नुकसान होते, हे दोन प्रश्न आम्ही येथे विचारात घेणार आहोत.

या लेखास एक निमित्त आहे. आमच्या रविवारच्या पालि वर्गात एक सेवानिवृत्त गृहस्थ येत असत. वय सत्तरीच्या पुढे. मूत्रपिंडे निकामी झाल्याने त्यांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागे, तरी रविवार सहसा चुकत नसे. हे सुत्त वर्गात वाचून झाल्यावर ते उठून म्हणाले, “सर, शरीर तर आतुर आहेच. पण परवा सुई टोचताना मला रडू आले. म्हणजे चित्तही आतुर झाले. चाळीस वर्षे पंचशील पाळून शेवटी मी नापासच झालो म्हणायचे का?” त्या दिवशी आम्ही त्यांना विभक्ती-प्रत्यय समजावून दिले, उत्तर दिले नाही. उशिरा का होईना, ते देणे आमच्याकडे लागते.

प्रथम सुत्तातील प्रसंग पाहू. भगवान बुद्ध भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळील भेसकळावनात राहत असताना गृहपती नकुलपिता त्यांच्याकडे येतो. आपण जीर्ण झालो आहोत, सतत आजारी असतो, त्यामुळे भगवंतांचे व भिक्खूंचे दर्शन क्वचितच घडते, असे तो सांगतो आणि हिताचे काही ऐकवावे अशी विनंती करतो. आता येथे तथागतांच्या उत्तराचा क्रम पाहावा. ते आधी त्याचे म्हणणे मान्य करतात : होय, तुझे शरीर आजारी आहे. इतकेच नव्हे, असे शरीर वागवीत असताना क्षणभरही निरोगीपणाचा दावा करणे हा मूर्खपणाच ठरेल, असे ते सांगतात. त्यानंतर शरीर आजारी असताना चित्त आजारी होणार नाही, याचा अभ्यास करावा, असे सुचवितात. जे प्रवचनकार आजार विसरायला सांगतात ते या उत्तराचा पूर्वार्ध गाळतात. तथागतांनी आजाराकडे पाठ फिरवायला सांगितलेले नाही. उलट, आजार नाही असे भासविणाऱ्या माणसालाच त्यांनी अज्ञानी म्हटले आहे.

या सुत्तातील दोन शब्द मराठी वाचकाला विशेष फसवितात. पहिला शब्द ‘आतुर’. आपल्या आजच्या मराठीत आतुर म्हणजे उत्सुक, अधीर. पालीत व संस्कृतात आतुर म्हणजे रोगग्रस्त, पीडित. मरणासन्न अवस्थेत घेतलेल्या संन्यासाला आपण ‘आतुरसंन्यास’ म्हणतो, त्यात तो जुना अर्थ टिकून आहे. म्हणून ‘अनातुर’ चित्त म्हणजे पीडेने ग्रासले न गेलेले चित्त. आनंदी चित्त असा त्याचा अर्थ होत नाही. आनंदासाठी पालीत शब्दांची वाण नाही : पीति, पामोज्ज, सोमनस्स, सुख. नकुलपित्याला जो अभ्यास सांगितला, त्यात यांपैकी एकही शब्द योजलेला नाही.

दुसरा शब्द ‘विप्पसन्न’. भगवंतांकडून निघालेला नकुलपिता सारिपुत्तांकडे येतो, तेव्हा त्याची इंद्रिये विप्पसन्न दिसत असल्याचे सारिपुत्त म्हणतात. मराठीत प्रसन्न म्हणजे आनंदित, हसरा. म्हणून ‘आजारी नकुलपिता हसत बाहेर आला’ असे चित्र प्रवचनातून रंगविले जाते. पालीत मात्र गाळ खाली बसून निवळलेल्या पाण्याला विप्पसन्न म्हणतात. गाळ नाहीसा झालेला नसतो. तो ढवळला जात नसतो, एवढेच. नकुलपिता निवळला होता, आणि निवळलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ शकते.

पुढे सुत्ताचा अर्ध्याहून अधिक भाग सारिपुत्तांनी व्यापला आहे, आणि प्रवचनांत नेमका तोच वगळला जातो. शरीर आजारी असताना चित्त आजारी कसे होते आणि कसे होत नाही, हे तू भगवंतांना पुढे विचारले नाहीस काय, असे सारिपुत्त विचारतात. नकुलपिता प्रांजळपणे सांगतो की, त्याचा अर्थ आपणांकडून ऐकण्यासाठी आम्ही दुरूनही येऊ. मग सारिपुत्त पाच स्कंधांचे विवेचन करतात. रूप म्हणजेच मी, रूप माझे, असे धरून बसलेल्या माणसाचे रूप बदलते, बिघडते, तेव्हा शोक व दौर्मनस्य उत्पन्न होते. वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान यांचेही तसेच. हे धरून बसणे सुटले, तर बदल घडूनही तो शोक उत्पन्न होत नाही. म्हणजे येथे एक समज सुटण्याची गोष्ट आहे. त्यासाठी वर्षे लागतात, आणि ती कोणाला फर्मानाने देता येत नाही. ‘सकारात्मक राहा’ हे फर्मान आहे. त्यात ‘कसे’ नाही, आणि सारिपुत्तांचा सारा प्रश्नच ‘कसे’ हा होता.

आता इतर आजारी शिष्यांकडे वळू. तथागत आजारी भिक्खूला भेटायला जातात, तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : सहन होते आहे काय, वेदना ओसरत आहेत की वाढत आहेत? वक्कली, अस्सजी, अनाथपिंडिक यांची उत्तरेही ठरल्यासारखीच आहेत : सहन होत नाही, वेदना वाढतच आहेत. कोणीही ‘मी मजेत आहे’ असे म्हणत नाही, आणि तसे न म्हटल्याबद्दल कोणालाही बोलणे ऐकावे लागत नाही. अस्सजींची कथा तर आमच्या वर्गातील त्या गृहस्थांसाठीच सांगावी अशी आहे. पूर्वीच्या आजारांत आपण श्वासादी कायिक संस्कार शांत करू शकत होतो, आता समाधी लाभत नाही, आपण ढळत तर नाही ना, अशी खंत ते व्यक्त करतात. समाधी हेच ज्यांना सार वाटते त्यांना अशी खंत वाटते, असे तथागत त्यांना समजावतात आणि पुन्हा स्कंधांच्या अनित्यतेकडे वळवितात. साधना जमेनाशी होणे म्हणजे धम्मात नापास होणे नव्हे, हा निर्वाळा खुद्द तथागतांनी एका आजारी अर्हन्तपदाच्या वाटेवरील ज्येष्ठ भिक्खूला दिलेला आहे.

तथागतांनी स्वतःचे दुखणेही लपविले नाही. कपिलवत्थूच्या नव्या सभागृहात ‘पाठ दुखते आहे, जरा आडवा होतो’ अशा आशयाचे सांगून त्यांनी पुढील देसना आनंदांवर सोपविली. पावा येथे तीच सारिपुत्तांवर सोपविली. महापरिनिब्बानसुत्तात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते आपल्या देहाला दोऱ्या-पट्ट्या बांधून कसेबसे चालविलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. अनुयायांचे मनोधैर्य खचेल म्हणून त्यांनी वेदनेवर हास्याचे पांघरूण घातले नाही. सम्यक् संबुद्धाला पाठीचे दुखणे सांगताना संकोच वाटला नाही. मग आमच्या वस्तीतील आजीने गुडघ्याचे दुखणे सांगताना संकोच का करावा?

याहून स्पष्ट आधार विनयपिटकात आहे. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात अतिसाराने आजारी भिक्खूची कथा येते. तो आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची सेवा करीत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला बोलावून, येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असा जाब विचारला. बाबासाहेबांनी ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’च्या आठव्या खंडात तथागतांच्या करुणेचे दर्शन घडविताना ही कथा घेतली आहे, हे वाचकांस स्मरत असेल.

याच ठिकाणी रुग्णाच्या व शुश्रूषकाच्या गुणांच्या याद्या दिल्या आहेत, आणि त्यांतील क्रम अभ्यासण्यासारखा आहे. ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते अशा रुग्णाची पाच लक्षणे सांगितली आहेत : तो अपथ्य करतो, पथ्यातही प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, हितेच्छू शुश्रूषकाला आपला आजार वाढला, उतरला की तसाच आहे हे जसेच्या तसे सांगत नाही, आणि वेदना सहन करीत नाही. सहनशीलता या यादीत आहे, पण ती पाचवी आहे. तिच्या आधी चौथ्या स्थानी खरे सांगणे आहे. जो वृद्ध ‘मला काही होत नाही’ म्हणून हसून वेळ मारून नेतो, पायाला झालेली जखम मधुमेह असूनही मुलापासून लपवितो, तो विनयाच्या दृष्टीने आदर्श रुग्ण ठरत नाही. त्याने लपवावे असे वातावरण आपणच निर्माण केलेले असते.

शुश्रूषकाचेही पाच गुण आहेत : औषधाची व्यवस्था करण्याची क्षमता, पथ्यापथ्य ओळखून पथ्य देणे व अपथ्य दूर ठेवणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न करणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला उभारी देणे. धम्मकथा पाचवी. औषध, पथ्य, मैत्री व मलमूत्र यांच्यानंतरची. पहिले चार गुण अंगी नसताना पाचवा गाजविण्यासाठी आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या आम्हां व्याख्यात्यांनी ही यादी अधूनमधून वाचावी.

नकुलपित्याची आणखी एक कथा अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात आहे, आणि आमच्या मते ती जोडीने वाचल्याशिवाय पहिले सुत्त पुरते कळत नाही. येथेही नकुलपिता अत्यवस्थ आहे. त्याच्या उशाशी त्याची पत्नी नकुलमाता बसली आहे. ती त्याला हसायला सांगत नाही. मागे राहणाऱ्यांची चिंता घेऊन मरणे दुःखाचे असते, हे जाणून ती त्याची एकेक चिंता हातात घेते. मुलाबाळांचे कसे होईल? मी कापूस कातण्यात व लोकर पिंजण्यात कुशल आहे, घर चालवीन. मी दुसरे घर करीन काय? नाही. भगवंतांचे व संघाचे दर्शन घेणे सोडीन काय? नाही. शीलात, चित्ताच्या शांतीत, धम्मातील श्रद्धेत मी उणी पडेन काय? नाही. अशी सहा आश्वासने ती देते. त्याचे दुखणे उतरते, आणि काही दिवसांनी तो काठी टेकीत भगवंतांकडे जातो. अशी पत्नी लाभणे हे तुझे मोठे भाग्य, असे भगवंत त्याला सांगतात.

या कथेत चमत्कार शोधणारे शोधोत. आम्हांस दिसते ते असे : चित्त अनातुर होण्यासाठी त्या घरात पहिले आश्वासन सूत कातण्याचे दिले गेले, म्हणजे मिळकतीचे. आजच्या वृद्ध रुग्णाच्या मनात काय असते? महिन्याच्या गोळ्यांचा खर्च, मुलाची बुडणारी रोजी, सुनेवर पडणारा भार, आपण ओझे झालो ही बोच. यांतील एकाही प्रश्नाला ‘सकारात्मक राहा’ हे उत्तर नाही. नकुलमातेने उत्तरे दिली. भगवंतांनी विश्वासकांमध्ये, म्हणजे निकट विश्वासाच्या उपासक-उपासिकांमध्ये, या दोघांना अग्रस्थान दिले, यात नवल नाही.

आंबेडकरी वाचकाने आणखी एका कारणासाठी सावध राहावयास हवे. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो की, माणसाला जे जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे खरे काय? तथागत ते मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची विषम हाताळणी, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते मोजतात. सारे कर्माच्या माथी मारणारे प्रत्यक्ष अनुभव व लोकमान्य सत्य दोन्ही ओलांडतात, असे त्यांचे म्हणणे. ‘तुझ्या नकारात्मक विचारांनीच तुला हा रोग जडला’ हे आजचे वाक्य त्या जुन्या कर्मवादाचेच नवे वेषांतर आहे. पूर्वी दोष मागच्या जन्मावर जाई. आता तो रुग्णाच्या मनावर जातो. दोन्ही वेळा गुन्हेगार एकच, आजारी माणूस.

याची किंमत आपल्या समाजाने मोजलेली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आमची माणसे कमी मजुरीच्या खात्यांत राहिली. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी करणारा बिसिनोसिस हा रोग गिरणी कामगारांत सुपरिचित होता. दमा घेऊन म्हातारपण काढणाऱ्या अशा कामगाराला त्याच्या छातीतील घरघर त्याच्या विचारांमुळे आहे असे सांगणे, हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध ग्रंथापुरता नव्हता. मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना त्यांनी वर्षानुवर्षे सोसल्या. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ लिहिण्यास १९५१ ते १९५६ अशी पाच वर्षे लागली. त्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, जी १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, त्यांनी या काळातील प्रकृतीचे चढउतार मोकळेपणाने नोंदविले आहेत आणि ग्रंथ पूर्ण होऊ शकला याचे श्रेय पत्नीच्या व डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय शुश्रूषेला दिले आहे. आपल्या इच्छाशक्तीला नव्हे, हे लक्षात घ्यावे. बाबासाहेबांइतकी इच्छाशक्ती ज्यांच्याजवळ होती, त्यांनीही औषध व शुश्रूषा यांचे ऋण लेखी मान्य केले. आणि त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात, चार आर्यसत्ये माणसाची आशा हिरावून घेतात काय, असा प्रश्नही त्यांनीच उपस्थित केला. आशा त्यांना हवी होती. पण त्यांची आशा दुःख नाकारून उभी राहिलेली नव्हती. दुःख मान्य करून त्याचे निवारण करण्याच्या मार्गावर ती उभी होती.

येथे एक आक्षेप येईल. मग चित्ताचा काही भागच नाही काय? आहे. सल्लसुत्तात शरीराच्या वेदनेला पहिल्या बाणाची, आणि तिच्यावरून होणाऱ्या मनस्तापाला दुसऱ्या बाणाची उपमा दिली आहे. दुसरा बाण चुकविता येतो, हे आम्हांस मान्य आहे. ज्यांना धम्माभ्यासाने तो चुकविता आला असे वृद्ध उपासक आम्ही पाहिले आहेत. परंतु आजाऱ्याला ‘तू दुःखी का?’ असे विचारणे हा तिसरा बाण आहे, आणि तो सुत्तात नाही. तो आपण मारतो.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. विहारात नकुलपितासुत्त सांगावे. पण पूर्ण सांगावे, आणि त्यास नकुलमातेची कथा जोडावी. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील दीर्घकाळ आजारी असलेल्या वृद्धांची एक वही ठेवावी. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दोघा-चौघांनी त्यांच्याकडे जावे, आणि तथागतांप्रमाणे ‘सहन होते काय?’ असे विचारून उत्तर ऐकून घ्यावे. २०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे कित्येकांना एकट्याने पुरी करता येत नाहीत. ती आमच्या सुशिक्षित तरुणांनी करून द्यावीत. रुग्णालयात सोबत म्हणून एक दिवस बसणे हेही दानच आहे, आणि रात्रभर जागणाऱ्या सुनेला एक रात्र झोपू देणे हेही.

राहिले ते आमच्या वर्गातील गृहस्थांचे उत्तर. सुई टोचताना डोळ्यांत पाणी येणे हा शरीराचा धर्म आहे. त्याने चित्त आतुर होत नाही. ते रडले, आणि पुढच्या रविवारी वही घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसले. ज्याचे चित्त आजाराने पुरते ग्रासले आहे, तो धातुरूपे पाठ करायला येत नाही. हे त्यांना तेव्हाच सांगावयास हवे होते.